फळ्यावरची मोकळी ओळ

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत खोटं न बोलणारा एकच माणूस होता आणि त्याच्यापायी सगळ्या चाळीची पंचाईत होत असे. लहानथोर सगळे त्यांना तात्या म्हणत. लपंडावात ज्याच्यावर राज्य असे तो पोरगा थेट दुसऱ्या मजल्यावर तात्यांच्या दाराशी जाई आणि विचारी, "तात्या, बंड्या खंय लपलो?" तात्यांनी बंड्याला पाहिलं नसेल तर ते सरळ म्हणत, "माका ठावक नाय." आणि पाहिलं असेल तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "ठावक आसा, पण सांगूचंय नाय." एवढं ऐकलं की पोरगा ओळखी, बंड्या याच मजल्यावर आहे. बंड्या मग दोन दिवस तात्यांशी बोलत नसे.

मोठ्यांचीही तीच गत. दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे दारू कुठे मिळते हे सगळ्या गिरणगावाला पाठ होतं. पगाराच्या दिवशी साळवीकाकू गॅलरीच्या टोकाला उभ्या राहून पाळीवरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "आमचे हे दिसले काय हो?" सगळे मान हलवून पुढे जात. तात्या थांबत आणि म्हणत, "ठावक आसा, पण सांगूचंय नाय." काकू पदर खोचून तडक गुत्त्याकडे निघत. साळवी दुसऱ्या दिवशी तात्यांवर उखडले, "अहो, नाही दिसला म्हणायला तुमचं काय जात होतं?" तात्या शांतपणे म्हणाले, "दिसललंस मा?" दिसले तर होतेच, म्हणून साळवी पाय आपटत घरात गेले.

तात्या कणकवलीकडचे. गिरणीत साचेवाले होते, कापड विणायचे दोन साचे सांभाळत. तुटलेला धागा बोटांच्या चिमटीत पकडून ते इतक्या चपळाईने गाठ मारत की बाजूचे कामगार आपलं काम सोडून बघत राहायचे. पण त्या बोटांची खरी कीर्ती मृदंगावर होती. तळमजल्यावर आमच्या भजनी मंडळाचं शनिवारचं भजन असे. तात्या मृदंगाला बसले की रस्त्यापलीकडच्या चाळीतले लोक चटया घेऊन येत. दुसऱ्या मंडळाशी बारी, म्हणजे भजनाचा सामना, लागली तर आमचा बुवा निर्धास्त असायचा. बुवा तालाला चुकला तर तात्यांची बोटं सांभाळून घेत.

पुढे तात्यांना क्षय झाला. आठ महिने ते कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात पडून होते. परत आले तेव्हा ट्रंकेत काळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक होतं, आणि मग दोन महिन्यांनी एका रविवारी त्यांनी परळच्या एका लहानशा देवळात जाऊन बाप्तिस्मा घेतला. देऊळ हा त्यांचाच शब्द. चाळीत नुसता गहजब झाला. दुधापावासाठी बाटला, असं लोक तोंडावर म्हणाले. तात्यांनी हिशेबाने उत्तर दिलं, "दूध गावत होता तवसर मी हिंदूच होतंय. दूध बंद झाला, मगे बाप्तिस्मा घेतलंय." भजनी मंडळाने मृदंग काढून घेतला. आमच्या आईने त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप खिडकीत वेगळा ठेवला. तात्या आले की चहा त्या कपात, आणि पिऊन झाला की त्यांनीच तो धुऊन परत खिडकीत ठेवायचा. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. शनिवारी खाली भजन सुरू झालं की मात्र ते गॅलरीत येत आणि कठड्यावर त्यांची बोटं चालत. खालच्या नव्या मृदंगवाल्यापेक्षा तो कठडा आम्हाला जास्त बरा वाटायचा. मी एकदा विचारलं, "तात्या, एवढी आवड आहे तर सोडलंत कशाला?" ते म्हणाले, "आवड आसा रे. खूप आसा."

त्यांची आई गावाहून बोटीने आली तेव्हा मी शाळेत होतो. तिने तात्यांसाठी मुलगी बघून ठेवली होती आणि भटजींना विचारून शुद्धीचंही नक्की केलं होतं. एका दिवसाचा विधी, की झिलगा, म्हणजे मुलगा, परत आपला. तात्या नाही म्हणाले. ती माउली तीन दिवस त्यांच्या खोलीबाहेर गॅलरीत बसून होती. ते रोज तिच्यासाठी भात आणि माशाचं कालवण करून समोर ठेवत, ती ताटाकडे बघत नसे. तात्याही मग जेवत नसत. तिसऱ्या दिवशी तिने गाठोडं उचललं आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माका दोन झील होते. आता एकच आसा." तात्या तिच्या मागे मागे भाऊच्या धक्क्यापर्यंत चालत गेले. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. परत आले ते डोळे सुजलेले होते, आणि तसेच दुसऱ्या पाळीला कामावर गेले. "रडलंय रे खूप," पुढे कधीतरी त्यांनी मला सांगितलं, "पण आवशीसाठी येशूक सोडूक जमला नाय."

मला तेव्हा त्यांचा रागच आला. आईला असं धक्क्यावर सोडून येणारा माणूस चांगला कसा, हे माझ्या डोक्यात शिरेना. खरं तर ते मला अजूनही पूर्ण पटलेलं आहे असं नाही. पण एवढं कळतं, की त्या दिवशी तात्यांनी काही स्वस्तात घेतलं नव्हतं.

आणि मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. काय दिवस होते ते! मी बावीस वर्षांचा, गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून आणि चाळ कमिटीचा चिटणीस. महाराष्ट्र माझ्यावाचून अडला आहे अशी माझी पक्की समजूत होती. जेवणावर वासना नव्हती, झोप उडाली होती. नाक्यावर शाहिराच्या डफावर थाप पडली की अंगातून वीज गेल्यासारखं व्हायचं. चाळीच्या भिंती "झालाच पाहिजे"ने भरून गेल्या होत्या. बायका स्वयंपाक टाकून मोर्च्याला येत होत्या. आमच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा घोषणा दिली आणि घरी येऊन स्वतःच लाजली. आणि या सगळ्यात तात्या आमच्याबरोबर होते. पोस्टरांसाठी लागणारी खळ शिजवावी तर तात्यांनीच. तिच्यात गुठळी म्हणून होत नसे. मोर्च्यात ते पाण्याची कळशी खांद्यावर घेऊन शेवटपर्यंत चालत. मुंबई महाराष्ट्राची, हे ते इतक्या शांतपणे म्हणत की पुढे वाद घालायला जागाच उरत नसे.

घोडं अडलं ते माझ्या शपथेपाशी. चाळीच्या चौकात सर्वांनी मिळून घ्यायची शपथ मी स्वतः लिहिली होती, तीन रात्री जागून. तिची पहिलीच ओळ होती, "आधी संयुक्त महाराष्ट्र, मग घर, मग देवधर्म." मला ती फार झकास साधली आहे असं वाटत होतं. सगळी चाळ हात वर करून माझ्या मागून म्हणाली. तात्यांनी हात वर केला नाही. दुसऱ्या ओळीला केला, तिसऱ्या ओळीला केला, शेवटची ओळ तर खणखणीत म्हटली. पहिलीला मात्र हात खालीच.

मी सगळ्यांदेखत जाब विचारला. तात्यांनी चौकातल्या नळाकडे बोट केलं. आमच्या चाळीत पाणी सकाळी दोन तास येई, म्हणून उजाडायच्या आतच नळाखाली कळश्या, डबे, बादल्यांचे नंबर लागत. नंबरावरून बायकांच्या झिंज्या धरण्यापर्यंत वेळ यायची. तात्या मात्र आपल्या कळशीचा नंबर घाईत असलेल्या कोणालाही देऊन टाकत आणि मागे जाऊन उभे राहत. तेच तात्या मला म्हणाले, "चिटणीस, तेचो पयलो नंबर लागलो हा. तेच्या मागे आवस, मगे महाराष्ट्र, मगे तुमी सगळे. मी कोणाक रांगेतसून काढूक नाय. पण पयलो नंबर तेचो." तो म्हणजे कोण, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. चौकात हशा पिकला. माझ्या शपथेची पार वाट लागली होती. मी त्याच क्षणी स्वयंसेवकांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखी खळ शिजवून घेऊन आले आणि मी ती मुकाट्याने वापरली.

मग तो दिवस उजाडला. सकाळपासून रस्ता माणसांनी फुलला होता. दुपारी अश्रुधूर झाला, दगड सुरू झाले, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोळी चालली. शेजारच्या चाळीतला एक बदली कामगार माझ्यापासून दहा पावलांवर पडला. त्याच्या हातात डबा होता, तो कामावर निघाला होता. तो उठला नाही. त्यानंतर काय झालं ते सांगताना माझा आवाज आजही चढतो. आम्ही दगड उचलले ते कोणाला लागतात हे बघितलं नाही. पोलिसांची तुकडी मागे हटली, आणि तिच्यातला एक शिपाई, डोक्यातून रक्त वाहत असलेला, वाट चुकून आमच्याच चाळीच्या जिन्यात शिरला.

आम्ही झेंड्याच्या काठ्या घेऊन धावलो. पहिला मजला, दुसरा मजला. तात्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि दारात तात्या उभे होते, उजवा हात चौकटीवर ठेवून. मागे तो शिपाई भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला तात्यांचा पंचा गुंडाळलेला. तो आमच्यातल्याच एखाद्याच्या वयाचा होता. दोन्ही हातांत लोटा धरून तो पाणी पीत होता आणि दात लोट्यावर वाजत होते.

"तात्या, बाजूला व्हा," मी ओरडलो. "त्यांनी आपला माणूस मारलाय."

"ठावक आसा," तात्या म्हणाले. "म्हणानच दारात उभो आसंय. तेका पाणी पिऊन होऊं दे."

"तुम्ही आमचे की त्यांचे?"

तात्या माझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. माझी काठी त्यांच्या चौकटीवरच्या हातावर बसली. मला चौकटीवरच मारायचं होतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. बोटं मोडल्याचा आवाज आला. तात्यांनी तो हात छातीशी घेतला आणि चौकटीवर डावा हात ठेवला. जागेवरून ते हलले नाहीत. माझ्या मागे जिन्यात गर्दी होती, धूर होता, काठी कोणाची हे माझ्याबरोबरच्या दोघांखेरीज कोणाला दिसलं नसावं. आम्ही तिघंही पळालो. संध्याकाळी चाळीतल्या बायकांनीच त्या शिपायाला तात्यांचा सदरा घालून नि धोतर नेसवून मागच्या गल्लीतून बाहेर काढलं, असं नंतर कळलं. त्या बायकांत आमची आईही होती.

दोन दिवसांनी पोलिसांची गाडी आली. शिपायाने साहेबाला सांगितलं होतं की त्याला ज्याने वाचवलं त्या माणसाला चाळीतल्या पोरांनी मारलं. डोळ्यांवर रक्त आणि धूर, त्यामुळे तोंडं मात्र त्याला दिसली नव्हती. आता साहेबाला ती पोरं हवी होती. चाळ तयारीत होती. आदल्या दिवशी कमिटीची गुप्त बैठक होऊन ठरलं होतं की तात्या जिन्यावरून पडले. कितव्या पायरीवरून, हेसुद्धा ठरलं होतं. साळवीकाकूंनी तर त्यांना उचलायला आपण कशा धावलो तेही बसवून ठेवलं होतं. साहेबाने दहाजणांना विचारलं, दहाहीजणांनी सातवी पायरी सांगितली. मी स्वतः सांगितली. एवढी एकी चाळीत पाण्याच्या प्रश्नावरही कधी दिसली नव्हती. एकच गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती, की ही सगळी कहाणी शेवटी ज्याच्यावर येऊन टेकणार होती, तो माणूस तात्या होता.

तात्या हात गळ्यात बांधून गॅलरीत आले. साहेबाने विचारलं, "जिन्यावरून पडलात?"

"पडाक नाय," तात्या म्हणाले. "माका मारल्यानी."

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. माझी नोकरी, मागच्या महिन्यात ठरलेलं माझं लग्न, म्हातारे आईवडील, सगळं त्या माणसाच्या जिभेवर होतं. आणि त्या जिभेला खोटं ठाऊक नव्हतं.

"कोणी मारलं? माहीत आहे तुम्हाला?"

"ठावक आसा," तात्या म्हणाले, "पण सांगूचंय नाय."

साहेबाला वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. त्याने दरडावलं, मग समजावलं. एक नाव सांगा आणि आराम करा, म्हणाला. तात्या तेच वाक्य म्हणत राहिले, लपंडावातल्या पोराला सांगावं तसं. शेवटी साहेबाने त्यांनाच गाडीत घातलं. गाडीत चढताना त्यांना एका हाताने धरता येईना, तेव्हा तो डोक्याला पट्टी बांधलेला शिपाई पुढे झाला आणि त्याने त्यांना हात दिला. मी गॅलरीत उभा होतो. तेव्हा मी दोन पावलं पुढे होऊन बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

तात्या तीन महिने तुरुंगात होते, आमच्या सत्याग्रहींबरोबरच. तिथून सुटून आलेले लोक त्यांच्या गोष्टी सांगत. दर आठवड्याला त्यांना कचेरीत बोलावत आणि एका नावाच्या बदल्यात सुटका देऊ करत. ते परत बराकीत येत, जेवणाच्या थाळीवर डाव्या हाताने ठेका धरत आणि आपल्या देवळातलं एखादं गीत म्हणत. पहिल्यांदा लोक वैतागले, मग तेही म्हणू लागले. उजव्या हाताची बोटं तिथे वेडीवाकडी जुळली. दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत.

आमच्या चाळीत एक रीत पडली होती. तुरुंगातून सुटून येणाऱ्याला नाक्यावरून डफाच्या तालावर मिरवत आणायचं, चौकात खुर्चीवर उभं करायचं, हार घालायचा, त्याने दोन शब्द बोलायचे आणि जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर चिटणिसाने त्याचं नाव लिहायचं. फळ्यावर अकरा नावं झाली होती. तात्यांच्या वेळी मी आदल्या दिवसापासून धावपळ करत होतो. हार मीच आणला, सगळ्यांत मोठा. फळ्यावर बारावं नाव मीच लिहिलं, सगळ्यांत जाड अक्षरात. कोणी म्हणेल चिटणिसाला किती उमाळा आलाय. मनातलं मला ठाऊक.

तात्यांना खुर्चीवर चढवलं. घोषणांनी चौक दणाणून गेला. तात्यांनी हार काढून हातात घेतला, फळ्याकडे पाहिलं आणि आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली.

"तुमी माका हार घातलात, बरा वाटला," ते म्हणाले. "पण माझा नाव थंयसून पुसा. मी महाराष्ट्रासाठी जेलात जाऊक नाय. माझ्या येशून सांगल्यान, दुश्मनाक पाणी दी. तेना सांगल्यान, मारणाऱ्याचा वायट चिंतू नको. म्हणान गेलंय. महाराष्ट्र माका होयो. तो येतलोच. पण ज्यासाठी गेलंय नाय, तेचो हार कसो घेऊ?"

डफवाला डफ खाली करून उभा राहिला. कोणीतरी मागून पुटपुटलं, "एवढं गप्प बसायला काय झालं होतं?" मला उलट वाटलं की बरं झालं, आता लोक उठतील आणि यांना नावं ठेवतील, म्हणजे माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरेल. पण तसं झालं नाही. गर्दीतून आमची आई पुढे आली. तिच्या हातात चहाचा कप होता. तो खिडकीतला कान तुटलेला कप नव्हता. आमच्या घरातला होता, आम्ही सगळे पितो त्यातला.

"ह्या महाराष्ट्राचा नाय," आई म्हणाली. "ह्या माझ्या घरातला. ह्या तरी घेशात?"

तात्या खुर्चीवरून खाली उतरले. कप डाव्या हातात घेतला आणि म्हणाले, "ह्या घेतंय." त्यांचे डोळे भरून आले होते, आईचेही. मी फळ्यापाशी गेलो आणि ते नाव पुसलं. डस्टर शेजारीच होतं, पण मी हाताने पुसलं. पुढे आमचे आणखी चारजण तुरुंगात जाऊन आले. त्यांची नावं मी तेराव्या ओळीपासून लिहिली. कोणी विचारलं तर मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेई.

त्यानंतर तात्या साच्यावर गेले ते आठवडाभरच. तुटलेला धागा त्यांच्या चिमटीत येईना. गाठ मारेपर्यंत साचा खोळंबून राही. मुकादमाने त्यांना साच्यावरून काढलं आणि खात्यात झाडू मारायला दिलं. पगार निम्म्यावर आला. ज्या बोटांकडे लोक काम सोडून बघत, त्यांत आता झाडू होता, आणि मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून रोज ते बघत होतो. शनिवारी भजन सुरू झालं की ते पूर्वीसारखेच कठड्याशी येत. बोटं चालत, पण मध्येच दोन मात्रा रिकाम्या जात. मी आत जाऊन दार लावून घ्यायचो. तरी त्या रिकाम्या मात्रा मला ऐकू यायच्या.

लग्न झाल्यावर एकदा मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? त्यांना सांगा." हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या दाराशी गेलो की ते म्हणत, "येवा चिटणीस, चाय घेशात?" आणि मी चहा पिऊन परत येई.

मग तात्यांच्या भावाचं कार्ड आलं. आई अंथरुणाला खिळली आहे, एक अंग गेलं आहे, तुझी आठवण काढते. आमच्याच्याने होत नाही, तू ये. आणि खाली एक ओळ होती, "पुस्तक मुंबईतच ठेवून ये." तात्यांनी तीन दिवसांत नोकरी सोडली, खोली सोडली. ट्रंक भरायला मी होतो. दोन धोतरं, एक कळशी, आणि सगळ्यांत वर ते काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक.

"तात्या, भावाने लिहिलंय ना," मी म्हटलं. "घरात घेणार नाहीत हो ते."

"नाय घेतले तर पडवीत ऱ्हवान," ते म्हणाले. "आवशीक पडवीतसूनय पाणी देऊक येता. पण पयल्या नंबराक मागे ठेवन कसो जाऊ?"

ट्रंक डोक्यावर घेऊन मी त्यांच्याबरोबर भाऊच्या धक्क्यावर गेलो. याच वाटेने ते एकदा आईच्या मागे मागे चालत आले होते. बोटीवर माणसं चढत होती, नारळाची पोती उतरत होती, नुसता कालवा चालला होता. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. मी ट्रंक खाली ठेवली आणि म्हणालो, "तात्या, त्या दिवशी दारात... ती काठी..."

"ठावक आसा," तात्या म्हणाले.

मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट पाहत उभा राहिलो. ते आलं नाही. त्यांनी तो उजवा हात, दोन बोटं ताठ राहिलेला, माझ्या डोक्यावर ठेवला. मी इतक्या माणसांत लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो. मग भोंगा झाला. त्यांनी ट्रंक उचलली आणि ते फळीवरून बोटीत गेले. त्यांच्या आईसारखं नाही, त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

वर्षभराने त्यांचं एक कार्ड आलं. डाव्या हाताने लिहिलेलं असावं, अक्षर पोराचं वाटत होतं. "आठ महिने पडवीत होतो. आई आता माझ्याच हातून जेवते. मागल्या महिन्यात तिने आत बोलावलं, पुस्तकासकट. चाळीतल्या सर्वांना नमस्कार. तुझ्या आईला विशेष." नंतर कार्ड आलं नाही. मीही गेलो नाही. जायला हवं होतं.

महाराष्ट्र आला तेव्हा तात्या आमच्यात नव्हते. चाळीला तोरणं लागली, चौकात पेढे वाटले, शाहिराचा आवाज बसेपर्यंत डफ वाजला. आनंदाने आम्ही वेडे झालो होतो. त्या आठवड्यात कमिटीने ठरवलं की फळ्यावरची खडूची नावं आता पक्क्या रंगाने रंगवून घ्यायची. पेंटर आला, शिडी लावली आणि सटासट अक्षरं काढत सुटला. अकराव्या नावानंतर तो थांबला. मी त्याला म्हटलं, एक ओळ सोड आणि पुढे लिही.

तो फळा चाळ पाडेपर्यंत तिथे होता. अकरा नावं, मग मोकळी ओळ, मग चार नावं. नवी पोरं जिना चढता उतरता मला विचारायची, "काका, इथे कोणाचं नाव राहिलंय?"

मी म्हणायचो, "ठावक आसा, पण सांगूचंय नाय."